पडीक रानातलं गाजर गवत खरंच हटवलंय का कुणी?

माळावरचा, १२ जून

राम राम मंडळी. पुरंदर तालुक्यात आमची साडेतीन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. विहिरीजवळचं सव्वा एकर थोरला भाऊ कसतो. वरचं सव्वादोन एकर हलकं, मुरमाड रान सात वर्षं पडीक होतं. मी नोकरी सोडून गावी आलोय आणि ते वहितीखाली आणायचंय. पण सगळं रान गाजर गवतानं भरलंय. आमच्याकडं म्हातारी माणसं याला चटकचांदणी म्हणतात.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आठ बायका लावून चार दिवस उपटून घेतलं. सगळं पांढऱ्या फुलावर होतं. ढीग बांधावर घातले. दिवाळीला पाहिलं तर ढिगांभोवती हिरवी गादी पसरलेली. यंदा उन्हाळ्यात रोटाव्हेटर मारला. वळवाचा एक पाऊस पडला आणि आता पूर्वीपेक्षा दाट उगवलंय. वडिलांच्या मानेला, पापण्यांना आणि कोपराच्या खोबणीत खाज सुटलीय, रात्र रात्र झोप नाही. ते सत्तर वर्षांचे आहेत, रानात जाऊ नका म्हटलं तर ऐकत नाहीत.

तणनाशक मारून एकदाचं संपवावं का? हे तण खाणारे भुंगे सोडतात म्हणे, ते कुठं मिळतात? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा.

तिफण, १२ जून

दादा, चूक ऑगस्टच्या शेवटी झाली. तोवर पहिल्या पावसाचं झाड फुलून बी टाकून मोकळं झालेलं असतं. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फूल येतं आणि एका झाडाचं बी दहा ते पंचवीस हजार. तुम्ही मजुरी देऊन बी झटकून घेतलंत आणि ढिगावर पिकवलंत.

रोटाव्हेटरचंही तसंच. याचं बी बारीक, वरच्या बोटभर मातीतलंच उगवतं. खोल गेलेलं मरत नाही, वर्षानुवर्षं पडून राहतं. रोटाव्हेटरनं ते पुन्हा वर आणलंत. सात वर्षांचं कोठार उघडलं म्हणा.

पण आत्ता उगवलंय ही फार चांगली गोष्ट आहे, घाबरू नका. आज ते जमिनीलगत पसरलेल्या पानांच्या चकतीसारखं असेल. वाफसा आला (माती ना चिकट, ना कोरडी) की कुळवाची हलकी पाळी घाला, दोन इंचापेक्षा खोल नाही. पुढच्या पावसावर दुसरी खेप उगवेल, तिलाही तशीच पाळी. दोन पाळ्या झाल्या की लगेच दाट पेरा. मोकळं ठेवलंत की हरलात.

जुनं_पान, १३ जून

मी महाविद्यालयात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं मूळ सांगतो. हे गवत नव्हे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातली ही एक वर्षायू वनस्पती. पान गाजरासारखं म्हणून गाजर गवत. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ घर मेक्सिको आणि आसपासचा उष्ण अमेरिकी प्रदेश.

भारतात तिची ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास झाली ती आपल्या पुण्यातच. आयात गव्हाबरोबर बी आलं हे सर्वत्र सांगितलं जातं. काँग्रेस गवत हे याचं दुसरं नाव त्याच काळातलं. बहुतेक जण पीएल-४८० या अमेरिकी अन्नधान्य मदत योजनेच्या गव्हाचं नाव घेतात. पण भारताचा त्या योजनेचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे, आणि झाड त्याआधी पुण्यात दिसलं होतं. अमेरिकी गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, तेव्हा गव्हाची वाट खरी असली तरी जहाज आधीचं असावं असं मला वाटतं. इतिहास नीट लावला तर एक गोष्ट कळते: मूठभर झाडं रेल्वे, रस्ते आणि कालव्यांच्या कडेनं अवघ्या काही दशकांत देशभर गेली. बियांना दोन्ही बाजूंना वाळलेल्या फुलांचे हलके पंख चिकटलेले असतात. ते वाऱ्यावर उडतं, पाण्यावर तरंगतं. त्यामुळे तुमच्या रानात पाणी कुठून शिरतं ते आधी बघा.

माळावरचा, मुळांतून आणि पानांतून ही वनस्पती पार्थेनिन नावाचं रसायन सोडते, त्यानं शेजारच्या बियांची उगवण मंदावते. म्हणून ती जिथे बसते तिथे बाकीचं रान गप्प होतं.

शिवारकर, १३ जून

एवढं कशाला? ग्लायफोसेट तणनाशक लिटरला दहा ते पंधरा मिली मारा, आठ दिवसांत पिवळं. आमच्या बांधाला दरवर्षी मारतो.

तिफण, १३ जून

दरवर्षी मारता, म्हणजे दरवर्षी उगवतं. ग्लायफोसेट सगळंच मारतं, बांधावरचं कुंदा, मारवेल, हरळीसुद्धा. मग उघड्या मातीवर पहिला कोण येतो? हेच. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्रानं अधिसूचना काढून ते प्रशिक्षित कीटक नियंत्रकांमार्फतच वापरावं असा निर्बंध घातला.

गवत राखून गाजर गवत मारायचं असेल तर पडीक जागेवर मेट्रिब्युझिन, लिटरला तीन ते पाच ग्रॅम, फूल येण्याआधी. ते मातीत काही महिने राहतं, म्हणून ज्या तुकड्यात लगेच पेरायचंय तिथे नको, विहिरीजवळ तर नकोच. माझ्या मते सव्वादोन एकराला फवारणी लागणार नाही.

पाऊलवाट, १३ जून

आम्ही अंगणात आणि गोठ्यामागं मिठाचं पाणी मारतो. पाच लिटरला एक किलो मीठ, कडक उन्हात. जळतं.

तिफण, १३ जून

बरोबर, पण फक्त फरशीच्या फटीत आणि वाटेवर, ताई. शेतात मीठ घालायचं नाही.

त्वचा_डॉक्टर, १४ जून

धागा शेतीचा आहे, तरी तुमच्या वडिलांच्या वर्णनावरून लिहिल्याशिवाय राहवत नाही. पापण्या, मान, कोपराची खोबण, म्हणजे उघडा भाग आणि घाम साचणारा भाग. गाजर गवताची हवेतून होणारी ॲलर्जी नेमकी अशीच दिसते. झाडाला हात लावला नाही तरी होते. पानांवरचे बारीक केस वाळून धुळीत उडतात, म्हणून पावसाळा संपला की त्रास संपेल असं समजू नका. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर पुढे उन्हाचीही ॲलर्जी जडते, आणि तो त्रास फार चिवट असतो. अशी माणसं मी गावंच्या गावं पाहिली आहेत. आयुष्यभर शेती केलेला माणूस दिवसा घराबाहेर पडू शकत नाही, हे बघवत नाही.

त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी कशाची ते बघायची तपासणी) करून घ्या. मेडिकलमधून कुणी सांगितलेली मलमाची ट्यूब चेहऱ्यावर महिनोन् महिने लावू नका. रानातून आल्यावर आंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. वाळलेला ढीग पेटवायचा नाही. आणि मजूर बायका उघड्या हातांनी उपटत असतील तर त्यांच्यासाठीही हेच सगळं लागू आहे.

माळावरचा, १४ जून

डॉक्टर, मनापासून आभार. उद्याच घेऊन जातो. तिफणदादा, आज पहिली पाळी घातली. दाट पेरायचं म्हणजे काय पेरू? पाऊस आमच्याकडं बेताचाच.

वऱ्हाडी_वखर, १५ जून

आमच्या इकडं तरोटा. तुमच्याकडं टाकळा म्हणतात तोच. बांधावर, नाल्याच्या काठानं, गायरानात फेका. पहिल्या पावसात गाजर गवताच्या आधी उठते, कमरेइतका होते अन् सावली धरते. खाली गाजर गवताले ऊनच भेटत नाही. कोवळा पाला भाजीले, दिवाळीनंतर बी गोळा केलं तर व्यापारी घेते. आमच्या गावात नाल्याचा अर्धा किलोमीटर काठ असाच मोकळा झाला, त्याले चार पावसाळे लागले.

बी कडक असते. गेल्या सालचं असेल तर वाळूत चोळून घ्या, नाहीतर गरम पाण्यात रात्रभर ठेवा. मेच्या शेवटी टाकलं तर बरं, पण तुम्ही आताही टाका.

जुनं_पान, १५ जून

चांगली सूचना. पुण्याच्या आसपास टाकळ्याचाच एक परदेशी भाऊबंद, सेना युनिफ्लोरा, आपणहून पसरला आणि त्यानं कित्येक ठिकाणचं गाजर गवत मागे रेटलं, हे मी स्वतः वर्षानुवर्षं फिरताना पाहिलंय. पण एका उपऱ्याच्या जागी दुसरा उपरा मुद्दाम आणू नये असं मला ठामपणे वाटतं. साधा टाकळा घ्या.

ओल, १५ जून

टाकळ्याचा एक दोष सांगते. तो दिवाळीला वाळतो. जिथे थंडीत ओल असते, पाटाची कड, ठिबकची गळती, विहिरीचा परिसर, तिथे नोव्हेंबरात गाजर गवत पुन्हा उगवतं आणि मार्चपर्यंत फुलत राहतं. पाणी मिळालं तर वर्षाला तीन-चार पिढ्या. बांधासाठी कायमचं गवत लावा. मारवेलचे ठोंब पावसात लावले की एकदाच काम. राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे चाऱ्याच्या गवतांवर काम होतं, तिथे चौकशी करा. आत रानात यंदा पिकाची आशा न धरता अर्ध्यात ताग, अर्ध्यात हुलगा. ताग फुलावर आला की हिरवळीचं खत म्हणून गाडा. हुलगा हलक्या रानात कमी पावसावर जमीन झाकतो आणि घरात दाणेही येतात.

कृष्णाकाठ, १६ जून

भुंग्यांविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून. नाव झायगोग्रामा, आपण मेक्सिकन भुंगा म्हणतो. १९८३ साली मेक्सिकोतून बंगळूरला आणला, चाचण्या करून १९८४ पासून सोडला. मसुरीपेक्षा थोडा मोठा, दुधी रंगावर तपकिरी रेघा. तो आणि त्याच्या अळ्या, दोन्ही पानं खातात. पावसाळा संपताना मातीत जाऊन झोपतो, पुढच्या पावसात वर येतो.

नव्वदच्या सुरुवातीला कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला म्हणून मोठी खळबळ झाली होती. समितीनं पाहणी केली, सूर्यफुलाला खरा धोका नाही असं ठरलं. माझ्या शेजारी दहा वर्षं सूर्यफूल आहे, नुकसान पाहिलेलं नाही.

विकत घ्यायची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कुठे चाळणी झालेलं गाजर गवत दिसलं की पानं उलटी करा. सकाळच्या गारव्यात भुंगे सुस्त असतात. भोकं पाडलेल्या बरणीत पानांसकट भरा, त्याच दिवशी सोडा. हेक्टरी पाचशे ते हजार. सोडलेल्या जागी कीटकनाशक नको आणि महिनाभर उपटूही नका. म्हणून वहितीच्या रानात नव्हे, गायरानात, ओढ्याला, जिथे माणूस पोचत नाही तिथे सोडा. भुंगा झाड खिळखिळं करतो, बी कमी करतो. एकटा रान मोकळं करत नाही.

ब्रिस्बेनकर, १७ जून

हा धागा वाचून गंमत नाही, कळवळा वाटला. मी मूळचा सासवडचा, इथे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये शेती यंत्रांच्या क्षेत्रात आहे. या राज्यालाही याच झाडानं छळलंय. १९६० मध्ये टेक्सासहून कुरणासाठी आणलेल्या गवताच्या बियाण्यात मिसळून ते क्लर्मांटजवळ आलं आणि सत्तरच्या दशकात चराऊ राने व्यापली. तोच भुंगा इथे १९८० साली सोडला, पण त्याचा परिणाम दिसायला जवळपास दहा वर्षं लागली. पुढे खोडात गाठी करणारा पतंग आणि तांबेरा बुरशी अशी आणखी मित्रमंडळी आणली.

पण मला सांगायचंय ते वेगळं. इथे बाधित भागातून बाहेर पडताना कापणी यंत्र, ट्रॅक्टर, गाडीची चाकं धुतात, त्यासाठी धुण्याची केंद्रं बांधलेली आहेत. चारा किंवा बियाणं विकताना त्यात हे तण नाही असं लिहून देण्याची पद्धत आहे. आपल्याकडे मळणी यंत्र आणि रोटाव्हेटर एका शिवारातून दुसऱ्यात तसाच चिखलानं माखलेला जातो. दहा मिनिटं झाडू आणि पाणी, एवढंच. दुसरं, जनावरं अति चारून जमीन उघडी पडली की हे तण येतं. निम्मं गवत राखून चारलेल्या कुरणात ते क्वचितच शिरतं.

माळावरचा, १७ जून

दादा, तुम्ही सासवडचे! काल रात्री एक गोष्ट लक्षात आली. तीन वर्षांपूर्वी भावानं बाहेरून शेणखताच्या चार ट्रॉल्या घेतल्या होत्या. खालच्या रानात गाजर गवत त्याच वर्षी, ट्रॉली उलटल्या तिथूनच सुरू झालं. देणाऱ्याच्या उकिरड्यावर छातीइतकं वाढलेलं होतं, आम्ही पाहिलं आणि काहीच वाटलं नाही.

ओल, १८ जून

म्हणूनच खत करायचं तर फुलाआधीच्या झाडाचं, आणि खड्ड्यात. तीन फूट खोल, सहा रुंद, दहा लांब. गाजर गवताचा थर, शेणकाला, माती, असेच थर, वरून शेणमातीचा लेप. चार-पाच महिन्यांत खत होतं. फुलावरचं झाड कधीच नाही. नुसत्या ढिगाच्या उबेनं बी मरत नाही.

बचतगटवाली, १९ जून

मी उपटायला जाणाऱ्या बायकांपैकी एक आहे, म्हणून लिहिते. इथं मजूर बायका लावून उपटल्याचं वाचलं. आमच्या गटातल्या तिघींच्या हाताला भेगा पडून पाणी सुटलं होतं. एकीनं काम सोडलं, तिचे पैसे बुडाले, आणि रानमालकानं विचारपूससुद्धा केली नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे: मालकानं रबरी हातमोजे द्यायचे, तोंडाला ओढणी दुपदरी, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. फुलावर आलेल्या रानात जाणार नाही. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवा, जमीन मऊ असते, मूळ सगळं येतं. कडक जमिनीत झाड वरून तुटतं आणि बुडख्यातून चार फुटवे फुटतात. आणि काम रोजानं द्या, उक्तं नको. उक्त्यात घाई होते, मुळं राहतात.

जनावरं हे खात नाहीत असं म्हणतात. दुष्काळात दुसरं काही नसलं की खातात. माझ्या आईच्या म्हशीनं खाल्लं, दूध कडू झालं, डेअरीवरून परत आलं.

माळावरचा, २२ ऑगस्ट

उशिरा लिहितोय, माफ करा. दोन पाळ्या झाल्या. सव्वा एकरात ताग, एकरात हुलगा. बचतगटवाली ताईंनी सांगितलं तसं सहा जणींना मोजे दिले, पावसाच्या दुसऱ्या दिवशी, दोनदा. पहिल्या खेपेला चार दिवस लागले, दुसरीला दीड. तागाखाली गाजर गवत वीतभर राहून पिवळं पडलं. हुलग्यात मात्र सुरुवातीला वाटलं सगळं गेलं, पंचवीस दिवस तो जमीन झाकेना. त्या काळात मी रोज संध्याकाळी एक पट्टा हातानं काढला.

ओढ्याच्या बाजूनं पाणी शिरतं तिथे जुनं पान सरांनी सांगितलं तसं बघितलं. वरच्या शेताच्या चारीतून सगळं बी येतंय. ते शेत मुंबईच्या एका कुटुंबाचं, दहा वर्षं कुणी आलेलं नाही. १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा देशभर गाजर गवत जागृतीचा म्हणून पाळतात, हे कृष्णाकाठ यांनी व्यक्तिगत निरोपात कळवलं. शाळेतल्या मुलांना घेऊन गायरानात भुंगे सोडले. दोन बरण्या मिळाल्या होत्या. मुलांना झाडाला हात लावू दिला नाही.

वडिलांना बरं आहे. पॅच टेस्टमध्ये ॲलर्जी गाजर गवताचीच निघाली. ते आता पहाटे देवळापर्यंत जातात, रानात नाही. बांधावर उभं राहून विचारतात, आज किती काढलं?

तिफण, २२ ऑगस्ट

ताग गाडल्यावर रान मोकळं ठेवू नका. ज्वारी पेरा. दिवाळीनंतर पाटाची कड बघा.

माळावरचा, ९ जून (पुढचं वर्ष)

वर्ष झालं. गेल्या जूनमध्ये दहा बाय दहा फुटांच्या चौकोनात गाजर गवताची रोपं मोजायला गेलो होतो, दोनशेच्या पुढे सोडून दिलं होतं. काल त्याच खुंट्यांमध्ये मोजली, एकतीस. हुलग्याच्या तुकड्यात जास्त, सत्तर-ऐंशी. ज्वारीच्या पाटाला हिवाळ्यात ओलताईंनी सांगितलं तसंच झालं, नोव्हेंबरात उगवलं, दर रविवारी काढलं. एक रविवार चुकला, लग्न होतं, तेवढ्यात पाच-सहा झाडं फुलली. ती पिशवीत भरून खड्ड्यात खोल पुरली.

मुंबईच्या त्या कुटुंबाचा फोन नंबर तलाठी कार्यालयात नाही, त्यांच्या नात्यातल्या एका म्हातारीकडून मिळाला. मला वाटलं होतं चिडतील. उलट त्यांनी विचारलं, तिथल्या चिंचेला अजून चिंचा येतात का. टाकळा टाकायला आणि चारीच्या तोंडाला मारवेलचे ठोंब लावायला परवानगी दिली. वऱ्हाडी वखर दादांनी कुरिअरनं दोन किलो बी पाठवलं, ते मेच्या शेवटी फेकलंय.

ट्रॅक्टरवाल्याशी मात्र भांडण झालं. रोटाव्हेटर धुऊन आण म्हटलं तर पुढचं गिऱ्हाईक आहे म्हणाला. शेवटी आमच्याच विहिरीवर मी धुतला.

ब्रिस्बेनकर, ९ जून

चिंचा येतात का?

माळावरचा, १० जून

येतात. यंदा फांद्या वाकल्यात. त्यांना पाठवल्या.

पाऊस आज उद्यात येईल असं दिसतंय. आला की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही चारीच्या तोंडापासून सुरुवात करणार आहोत. सासवड-जेजुरी भागात कुणी असेल तर निरोप टाका. मोजे आमच्याकडे बारा जोड आहेत.